मुनग्योंग सेजे : डांबर न टाकलेला घाट

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण कोरियाच्या प्रवासावर पानभर लेख आला होता. सोलचे राजवाडे, मालिकांच्या चित्रीकरणाच्या जागा, बाजार, खाणंपिणं, सगळं त्यात सविस्तर होतं. मुनग्योंग सेजे या डोंगरातल्या जुन्या वाटेच्या वाट्याला मात्र जेमतेम चार ओळी आल्या. त्यातही सहाशे वर्षांपूर्वीचा रस्ता आणि त्यावरचे तीन दरवाजे आजही जसेच्या तसे उभे आहेत, असं एक वाक्य ठोकून दिलेलं. पत्र लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. दरवाजे जसेच्या तसे नाहीत. रस्ताही आपसूक तसा राहिलेला नाही. तो तसा राखला आहे, आणि राखणं किती अवघड असतं ते मला थोडंफार कळतं.

माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली. खडीकरण, डांबरीकरण, मोऱ्या, संरक्षक भिंती, दर पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि त्यावरून येणारी निवेदनं. उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. लेक-जावई सुवोनला असतात. त्यांच्याकडे गेले की ती दोघं मला राजवाडे दाखवतात आणि मी तिथल्या फरशीचा उतार बघत बसते, अशी माझी घरात ख्याती आहे. सेजेला नेलं ते जावयांनी. "आई, डांबर नसलेला रस्ता बघायचाय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आधी जागा कुठे आहे ते सांगते. आग्नेयेकडचा ग्योंगसांगचा मुलूख आणि राजधानीकडचा प्रदेश यांच्यामध्ये सोबेक डोंगररांग आडवी पडलेली आहे. जोसोन राजवटीत दोंगनेहून, म्हणजे आजच्या बुसानच्या भागातून, हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला जायचं तर ही रांग कुठेतरी ओलांडावीच लागे. त्यासाठी तीन घाट होते. पश्चिमेला चुपुंगन्योंग, पूर्वेकडे जुंगन्योंग आणि मधला हा सेजे, त्यालाच जोर्योंगही म्हणतात. चुपुंगन्योंगने गेलं तर सोळा दिवस, जुंगन्योंगने पंधरा आणि सेजेने चौदा, हा हिशेब तिथे कोणीही सांगतं. राजा तेजोंगच्या काळात, 1414 च्या सुमारास, हा घाट वाहता झाला. त्याआधी लोक जवळच्याच हानुलजे खिंडीतून जात, आणि ती उघडल्याची नोंद तर इ.स. 156 ची आहे.

बदलीवर निघालेले अधिकारी, व्यापारी, निरोपे, ओझ्याचे हमाल, सगळे इथूनच जात. सरकारी परीक्षेला हानयांगला निघालेले दक्षिणेकडचे उमेदवार तर हटकून हाच घाट धरत. चुपुंगन्योंगने गेलेला नापास होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. एक-दोन दिवस वाचतात हे कारण मला पुरेसं वाटतं, पण परीक्षेला निघालेल्या पोराला आणि त्याच्या आईला कोण समजावणार!

पहिल्या दरवाजापासून तिसऱ्यापर्यंत अंतर साडेसहा किलोमीटर आहे आणि एवढ्यात चढ साधारण 400 मीटरचा. म्हणजे सरासरी सोळास एक. पहिल्या तीन किलोमीटरांत तर आपण चढतोय हे कळतही नाही, खरी चढण दुसऱ्या दरवाजानंतर लागते. पाठीवर जिगे, म्हणजे ओझ्याचा लाकडी सांगाडा, बांधलेल्या माणसाला न थांबता चढता येईल असा हा उतार आहे. ज्यांनी ही वाट धरली त्यांच्याजवळ लेव्हलची यंत्रं नव्हती. ओढ्याच्या काठाकाठाने जायचं, पाण्याला जसा उतार सापडतो तसा आपणही घ्यायचा आणि अगदी शेवटी खिंडीसाठी जोर लावायचा, एवढंच त्यांनी केलं. आखणी मात्र अशी की आज मला कोणी नव्याने करायला सांगितली तरी मी त्यात फार ढवळाढवळ करणार नाही.

आता पृष्ठभाग. लेखात याबद्दल अक्षर नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

ग्रॅनाइट कुजून भुगा होतो, त्याची भरड, पिवळसर रेताड माती तिथे रस्त्यावर पसरलेली आहे. तिला कोरियात मासातो म्हणतात. आमच्या मुरमाची चुलत बहीण म्हणा. खाली बसून मूठभर उचलली आणि बोटांनी चोळून पाहिली. कण टोकदार, बोटाला टोचणारे, आणि त्यांना धरून ठेवण्यापुरतीच बारीक माती. ही माती दाबली की घट्ट बसते, पण पाणी तुंबू देत नाही, खाली जिरवते. आदल्या रात्री चांगला पाऊस होऊन गेला होता, झाडांवरून अजून थेंब गळत होते, तरी बुटाला चिखल म्हणून लागला नाही. रस्ता मधे किंचित उंच, दोन्ही कडांना उतरता. डोंगराच्या अंगाला दगड लावलेलं गटार, त्यातून झुळझुळ वाहणारं स्वच्छ पाणी. रस्त्याचं पाणी आधी काढा, मग रस्त्याचं बोला, असं आमचे जुने मिस्त्री म्हणायचे. इथे कोणीतरी ते मनावर घेतलं आहे.

एका वळणावर पाण्याने हातभर रुंद ओघळ पाडली होती आणि दोन कामगार ती बुजवत होते. एकाकडे हातगाडीत ओली माती, दुसऱ्याकडे दंताळं. मी थांबले. जावयांना म्हटलं, विचारा, किती दिवसांनी करावं लागतं हे? त्यांनी विचारलं. दंताळंवाल्याने मान वर केली, आभाळाकडे बोट दाखवलं आणि परत कामाला लागला. उत्तर कळलं. मातीचा रस्ता म्हणजे रोजची उठाठेव. जून अखेरीला तिथला पावसाळा सुरू होतो, तो जुलैभर झोडपतो आणि बारीक माती धुऊन नेतो. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून पृष्ठभाग फुगतो आणि वसंतात तोच भुसभुशीत होऊन बसतो. दरवेळी नवी माती आणायची, पसरायची, दाबायची. एकदा डांबर टाकलं की काही वर्षांची निश्चिंती असते, म्हणूनच जगभर लोक डांबर टाकतात, मीही आयुष्यभर तेच केलं. तेव्हा हा रस्ता मातीचा आहे म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष झालं आहे, असं कृपया कोणी समजू नये. डांबरी रस्त्यापेक्षा याला जास्त माणसं लागतात.

आणि माती कशासाठी, तर चालणाऱ्यांसाठी. निम्मे लोक अनवाणी चालत होते. माझ्याच वयाच्या बायकांचा एक मोठा घोळका, डोक्यावर उन्हाच्या टोप्या, हातात बूट लोंबकळवत, मोठमोठ्याने हसत चढत होता. परत आल्यावर पाय धुवायची सोयही केलेली आहे. मीही बूट काढले. पहिली पाचेक मिनिटं टोचलं, मग सवय झाली, आणि त्यानंतर रस्ता कुठे ओला आहे, कुठे सावली आहे, कुठे नुकतीच नवी माती पडली आहे हे तळव्यांना आपोआप कळायला लागलं. रस्त्याची पाहणी करायची ही पद्धत नोकरीत कोणी शिकवली नव्हती.

आता हा रस्ता वाचला कसा, ते. थोडं नशिबाने आणि थोडं हुकमाने. 1905 मध्ये सोल-बुसान रेल्वे सुरू झाली, ती चुपुंगन्योंगने गेली. 1925 मध्ये जपानी अमलात मोटारींचा रस्ता काढला तो सेजे सोडून शेजारच्या इह्वार्योंग खिंडीतून. पुढे इह्वार्योंगलाही बोगदा झाला, मग द्रुतगती मार्गाचे बोगदे आले. गाड्यांचं ओझं असं एकेक करून दुसऱ्यांच्या गळ्यात पडत गेलं आणि सेजे रिकामा राहिला. रिकामा राहिला म्हणूनच रुंद झाला नाही, की कोणी त्याला सुरुंग लावले नाहीत.

हुकूम आला तो 1970 च्या दशकात, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांचा. तरुणपणी, 1937 ते 1940, ते मुनग्योंगच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे हा भाग त्यांच्या पायाखालचा. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते इथे आले तेव्हा त्यांनी सांगितलं की या रस्त्यावर गाड्या नकोत, डांबर-सिमेंट नको, आणि पडलेले दरवाजे उभे करा. ही गोष्ट मुनग्योंगमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. आता हा माणूस कोण, तर 428 किलोमीटरचा सोल-बुसान द्रुतगती मार्ग अडीच वर्षांच्या आत बांधून घेऊन जुलै 1970 मध्ये खुला करणारा. त्या कामावर 77 माणसं दगावली. त्याच वर्षी सुरू केलेल्या ग्रामविकास मोहिमेत याच माणसाने देशातल्या तेहतीस हजारांहून अधिक गावांना सिमेंटच्या प्रत्येकी 335 गोण्या वाटल्या. गावोगावच्या गल्ल्या सिमेंटच्या होत होत्या त्याच काळात या एका घाटात सिमेंट येऊ दिलं नाही. हुकूमशहाच होता, 1972 मध्ये राज्यघटनाच फिरवून बसला, त्यामुळे त्याला कोणाची मनधरणी करावी लागली नाही हेही खरं. पण चांगल्या निर्णयाला चांगलं म्हणायला माझी हरकत नाही. आमच्या मोजमाप पुस्तिकेत न टाकलेल्या डांबराला रकाना नसतो. असता तर या रस्त्याचं बिल फार मोठं निघालं असतं.

1981 मध्ये हा सगळा परिसर प्रांतिक उद्यान झाला आणि 2007 मध्ये सेजेला देशाच्या निसर्गरम्य वारसास्थळांच्या यादीत जागा मिळाली.

दरवाजांकडे वळते, कारण चूक तिथे झाली आहे.

1592 मध्ये जपानी सैन्य बुसानला उतरून उत्तरेकडे निघालं तेव्हा सेजेत एकही दरवाजा नव्हता. कोरियाचे सेनापती शिन रिप यांच्याकडे साधारण आठ हजार सैन्य होतं. या अरुंद घाटात शत्रूला अडवण्याऐवजी त्यांनी पलीकडे उतरून चुंगजूजवळ तांगुमदे इथे, पाठीशी नदी घेऊन लढाई दिली. भरवसा घोडदळावर होता. जमीन पाणथळ निघाली, घोडे रुतले, सैन्याची वाताहत झाली आणि खुद्द शिन रिपही गेले. राजाला हानयांग सोडून उत्तरेकडे निघून जावं लागलं. दुसऱ्या दरवाजापाशी आले तेव्हा मला हे नीट समजलं. दोन्ही बाजूंना कडे, मधे ओढा, आणि ओढ्याच्या कडेने ही एवढीशी वाट. इथे मूठभर माणसांनी नुसते दगड लोटले असते तरी पुढच्यांची पंचाईत झाली असती. चारशे वर्षं कोरियातले लोक हेच म्हणत आले आहेत, त्यात मी माझं मत घालून काय होणार, पण जागा बघितली की राहवत नाही.

दरवाजा बांधायचं सुचलं ते त्यानंतर. 1594 मध्ये आधी मधला झाला, आजचा जोगोकग्वान. खालचा जुहुलग्वान आणि वरचा जोर्योंगग्वान 1708 चे. म्हणजे सगळ्यात जुना दरवाजाही रस्त्याहून पावणेदोनशे वर्षांनी लहान. त्यापुढचं पाहा. मधल्या आणि वरच्या दरवाजाची 1907 मध्ये, जपान्यांविरुद्धच्या बंडाच्या धुमाळीत, नासधूस झाली. आज त्यांच्यावर जे रंगीत छपराचे सज्जे दिसतात ते 1975 आणि 1976 मध्ये नव्याने उभारलेले आहेत. जुनं वळण सगळ्यात जास्त टिकलं आहे ते पहिल्या दरवाजाचं. रुंद गवताळ मैदान, दोन्ही बाजूंना तटाचे दगडी पंख, मधे कमान, मागे जुहुलसानचा डोंगर. छायाचित्रंही लोक याचीच काढतात, आणि बरोबर आहे.

यात लपवाछपवी काही नाही. दरवाजांशेजारच्या पाट्यांवर पडझडीचं आणि पुन्हा बांधल्याचं साल सरळ लिहिलेलं आहे. रस्त्याच्या मध्यावर ग्योग्विजोंग नावाची एक टुमदार छत्री लागते. ग्योंगसांग प्रांताचा जुना राज्यपाल नव्या राज्यपालाच्या हाती इथे शिक्का सोपवत असे. अंगणात वाकडा, देखणा पाइन आहे, पोरं त्याच्या सावलीत बसून डबे खात होती. ती छत्री 1896 मध्ये जळाली आणि 1999 मध्ये परत बांधली, हेही पाटीवर आहे. नवं लाकूड नवंच दिसतं, सांधे घट्ट, कडा धारदार. बघणाऱ्याने ते बघावं आणि मनात वजाबाकी करावी. त्यांनी स्वतः जे मोकळेपणाने सांगितलं आहे ते आपल्या पुरवणीने का झाकावं, एवढाच माझा प्रश्न आहे. 'जसंच्या तसं' लिहिलं की ज्यांनी घाम गाळून उभं केलं त्यांचं काम पुसलं जातं.

खरोखर जुनं बघायचं असेल तर दरवाजांमधल्या बारीकसारीक गोष्टी बघाव्यात. सरकारी धर्मशाळेची जागा आहे, तिची दगडी आवारभिंत उभी आहे आणि आत गवत. वाटसरू रात्री इथे मुक्काम करत. कारण डोंगरात वाघाचं भय होतं आणि वाघाहून जास्त चोरांचं. पुढे उजवीकडे-डावीकडे लाल बुंध्यांचे पाइन लागतात. त्यांच्या खोडांवर छातीच्या उंचीला इंग्रजी व्हीच्या आकाराचे, एकाखाली एक असे खोल घाव आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला जपान्यांना तेल पुरेना, म्हणून कोरियन लोकांना कामाला लावून या झाडांची राळ काढून नेली, इंधन करायला. साल दोन्ही कडांनी आत वळून आली आहे, पण घाव भरलेला नाही. बोट घातलं तर पेराएवढं आत जातं. झाड वर हिरवंगार आहे.

दुसऱ्या दरवाजाच्या अलीकडे पुरुषभर उंचीचा, न घडवलेला, ओबडधोबड दगड उभा आहे. जोसोन काळाच्या उत्तरार्धातला. त्यावर चार मोठी कोरियन अक्षरं खोदलेली आहेत, आणि मजकूर एवढाच, की वणव्याची काळजी घ्या. त्या काळात शिलालेख म्हटला की तो चिनी अक्षरांत, विद्वानांसाठी. हा मात्र लाकूडतोडे, ओझेवाले, तंबाखूचा झुरका मारत चाललेला वाटसरू यांना वाचता यावा म्हणून साध्या लिपीत. रस्त्यावरचे सूचनाफलक हा माझ्या नोकरीतला एक दुखरा विषय. कुठे लावायचा, किती मोठा, कोणाला कळेल अशा शब्दांत, यावर बैठकाच्या बैठका होत. या दगडासमोर मी बराच वेळ उभी होते. लेक म्हणाली, "आई, चल आता, त्याने ऐकलं तुझं."

पहिल्या दरवाजाजवळच्या चित्रनगरीबद्दल आपल्या लेखात दोन परिच्छेद आहेत, म्हणून मी एकच घेते. 2000 मध्ये कोरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने ऐतिहासिक मालिकेसाठी ती उभारली. राजवाडे, वाडे, झोपड्या, सगळं आहे. मुलांना मजा येते, येऊ दे. पण बॅटरीवरच्या गाडीतून चित्रनगरीपर्यंत यायचं, भाड्याचा राजपोशाख घालून फोटो काढायचे आणि सेजे पाहिला म्हणून परत जायचं, असं करणारे पुष्कळ दिसले. रस्ता तिथून पुढे सुरू होतो हो!

दुसऱ्या दरवाजानंतर गर्दी निम्म्याने कमी होते आणि ओढ्याचा आवाज वाढतो. तिसऱ्या दरवाजाशी पोचलं की आपण बेकदुदेगानवर असतो, म्हणजे कोरियन द्वीपकल्पाच्या पाठीच्या कण्यासारखी जी सलग डोंगरधार मानतात तिच्यावर. दरवाजाच्या छपरावर पडलेल्या पावसाचं एका अंगाचं पाणी हान नदीला जातं आणि दुसऱ्या अंगाचं नाकदोंगला. कमानीच्या एका बाजूला ग्योंगसांग, दुसऱ्या बाजूला चुंगचोंग प्रांताचं ग्वेसान. ज्यांना जमेल त्यांनी मागे न फिरता पलीकडे उतरावं, सुओक धबधबा त्या अंगाला आहे. आम्ही आलो तसेच परत उतरलो आणि खाली ओमिजाचं थंडगार लाल सरबत प्यायलो. ओमिजा म्हणजे तिकडच्या वेलीची लाल फळं, मुनग्योंग त्यासाठी प्रसिद्ध आहे. आंबट लागतं, मग गोड, मग जिभेच्या मागे थोडं तिखट-कडू.

इह्वार्योंगची गोष्ट मात्र आपल्या पुरवणीने खरोखर छापावी. 1925 च्या त्या मोटार रस्त्यासाठी बेकदुदेगानची धार खिंडीत चक्क कापून काढली होती. 2012 मध्ये, 87 वर्षांनी, कोरियाच्या सरकारने त्या कापलेल्या जागी रस्त्यावर बोगद्यासारखी कमान घातली, वर माती भरली, झाडं लावली आणि धार परत जोडली. वरून जनावरं आणि डोंगर चालणारे जातात, खालून रस्ता. कापणं सोपं असतं, डोंगर फोडायला किती दिवस लागतात ते मी पाहिलेलं आहे. भरून परत डोंगर करायचा तर दाब, निचरा, मातीची पकड, मुळं धरेपर्यंतची निगा, सगळंच नव्याने. तिथे मी तासभर होते. नवऱ्याने गाडीत झोप काढली.

आता जे खटकलं तेही सांगते, नाहीतर हे पत्र म्हणजे जाहिरात होईल. जुहुलसानवर केबल कार नेण्याचा मुनग्योंग शहराचा प्रकल्प आहे. म्हातारे, अपंग, लहान मुलं यांना डोंगर दिसावा हे म्हणणं खोटं नाही, आणि माझे गुडघे पाहता मीच उद्या त्या रांगेत असेन. शहरालाही पर्यटक हवेत. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून या भागातली वस्ती रोडावली आहे, दुकानं चालायला माणसं लागतात. पण रस्ता टिकला तो इथे माणसं पायी येतात म्हणून. त्यांच्यासाठी माती पसरायला पैसे मंजूर होतात. लोक वरूनच जायला लागले तर दंताळंवाल्याचा पगार कुठल्या शीर्षाखाली काढणार, हा प्रश्न तिथल्या अंदाजपत्रकात कधीतरी येईलच. प्रकल्पाला विरोध करणारी मी कोण! फक्त केबल कारच्या देखभालीत दर वर्षी या साडेसहा किलोमीटरच्या मातीचा खर्च धरून ठेवावा, असं मी तिथे असते तर टिपणीवर लिहिलं असतं.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर वाचकांच्या उपयोगाचं थोडं. 2024 च्या अखेरीस सोलजवळच्या पांग्योहून मुनग्योंगपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे सोलच्या बाजूने जाणं आता बरंच सोपं आहे. स्टेशनावरून उद्यानापर्यंत टॅक्सी करावी. दारातच जुन्या रस्त्यांचं संग्रहालय आहे, ते आधी बघावं म्हणजे नकाशा डोक्यात बसतो. ऑक्टोबरात पानं रंगतात आणि सफरचंदांचा उत्सवही असतो, तेव्हा गर्दी सोसायची तयारी ठेवावी. तिसऱ्या दरवाजापर्यंत जाऊन यायला पाच तास धरा, अनवाणी चालणार असाल तर सहा. बूट ठेवायला एक पिशवी न्या. दरवाजांची सालं वर दिली आहेत, तेवढी तरी छापावीत ही विनंती.

आपली,
एक निवृत्त उपअभियंता (स्थापत्य)